पाय पुढं

गोरखनं टाचेनं स्ट्रेचरचा ब्रेक उडवला, उशाकडची दांडी दोन्ही हातांत धरली आणि जोर लावला. चाकं हातभर सरकली नाहीत तोच पायथ्याकडून एक पंजा दांडीवर आदळला आणि स्ट्रेचर जागीच थडकलं.

"पाय पुढं घालून कुठं चाललाव?"

पंजा संपतचा होता. स्ट्रेचरवर त्याचा बाप, लोणीचा हौशीराम, कालच आणलेला. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं झालेलं, डोळे मात्र जागे. झटका आला तेव्हा गोठ्यात गव्हाणीच्या दगडावर पडला होता. खुब्याला मार होता, म्हणून डॉक्टरांनी फोटो काढायला खाली न्या म्हणून सांगितलं होतं.

"खाली. खुब्याचा फोटो काढायचाय."

"ते कळतंय मला. पाय पुढं का? तिरडी हाय का ही? बाप जिता हाय माझा. फिरवा."

गोरखला यात नवं काही नव्हतं. हायवेवरच्या या ट्रस्टच्या दवाखान्यात आणे पठारावरनं माणसं यायची, डोंगराकडची यायची, नदीकाठची यायची. बोली बदलायची, पण पाय पुढं करून घराबाहेर निघतं ते मढं, हे सगळ्यांना सारखंच ठाऊक. दवाखान्याचा नियम मात्र वेगळा. चढताना डोकं पुढं, उतरताना पाय पुढं. म्हणजे कसंही गेलं तरी डोकं वरच्या अंगाला राहतं. हा नियम गोरखनं कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात जुन्या वॉर्डबॉयनं, म्हाताऱ्या भिमाजी मामानं, पाठीत धपाटा घालून तो शिकवला होता.

त्यावरची युक्तीही भिमाजीचीच. नातेवाइकानं हट्ट धरला की वाद घालायचा नाही. त्याच्या डोळ्यांदेखत स्ट्रेचर फिरवायचं, व्हरांडाभर डोकं पुढं करून न्यायचं आणि खालच्या मजल्याकडं जाणाऱ्या उताराच्या तोंडाशी आलं की कपाळावर हात मारायचा, 'केस पेपर ऱ्हायला की वो वर!' नातेवाईक माघारी पळतो. तो येईस्तोवर पुन्हा फिरवून खाली. सगळे खूश. गोरखनं दहा वर्षं ही युक्ती वापरली होती आणि ती कधी फसली नव्हती.

लिफ्ट असती तर हे काहीच करावं लागलं नसतं. लिफ्टची जागा बांधून ठेवली होती. तिच्यात मोडक्या खाटा आणि सलाइनचे गंजके स्टँड कोंबले होते. बाहेर भिंतीवर ट्रस्टींच्या नावांची संगमरवरी पाटी होती; ती मात्र वेळेवर बसली होती.

गोरखनं स्ट्रेचर फिरवलं. हौशीरामचं डोकं पुढं झालं, पाय मागं. संपत पायथ्याची दांडी धरून मागनं चालू लागला. त्याच्यामागनं साळुबाई, हौशीरामची बायको, पदर तोंडाशी धरून. उताराच्या तोंडाशी गोरख थांबला.

"केस पेपर ऱ्हायला की वो वर!"

"ह्यो काय," संपतनं बगलेतला कागद काढून दाखवला.

"आन् अंगावर घ्यायला चादर लागंल. खाली गार हाय."

"आई, चादर आण जा."

साळुबाई माघारी वळली. संपत जागचा हलला नाही. गोरख डोक्याच्या बाजूला, उताराकडं पाठ करून उभा होता.

"हितनं पाय पुढं घ्यावं लागत्यात, भाऊ. उतार हाय."

"मघापास्नं एकच सांगतोय तुमाला. कळत न्हाई का? नाव काय तुमचं? लिहून दिऊ हापिसात?"

आता गोरखनं एवढंच करायचं होतं, तोंड उघडायचं. असं असं आहे, गिळायची ताकद गेलेली आहे, डोकं खाली झालं तर पोटातलं वर येईल आणि श्वासात जाईल, म्हणून पाय पुढं. चार वाक्यं. शहाणा माणूस असो की आडमुठा, बापाच्या जिवापुढं ऐकलं असतं. नसतंच ऐकलं तर सिस्टरला हाक मारायची, बोंब ठोकायची. पण शनिवारी बोर्डाची मीटिंग होती. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग महिनाभर घरी, मग पुन्हा अकरा महिने, असं दहा वर्षं नाचवल्यावर या खेपेला त्याला कायम करायचं घाटत होतं. हापिसात तक्रारींची वही होती. तिच्यात वॉर्डबॉयचं नाव एकदा चढलं की तो माणूस बाद, चूक कुणाची का असेना. डॉक्टरची तक्रार लिहायला त्या वहीत पान नव्हतं.

गोरखनं तोंड मिटून घेतलं.

"धरा मागनं घट्ट," एवढंच तो म्हणाला.

कागदावर एका स्ट्रेचरला दोन माणसं होती. ड्युटीवर एकच. सगळा भार गोरखच्या छातीवर येत होता. तो उलट्या पावलांनी उतरत होता आणि हौशीरामचं डोकं त्याच्या पोटाशी होतं. निम्म्या उतारावर हौशीरामच्या घशातून एक आवाज आला. घागर भरत आली की येतो तसा. गोरखनं खाली बघितलं. जागे डोळे त्याच्याकडंच बघत होते. तिथं थांबता येत नव्हतं आणि वर ढकलायची एकट्याची ताकद नव्हती. त्यानं पावलं उचलली. नऊ-दहा पावलं असतील.

खाली पोचेस्तोवर हौशीरामचं तोंड जांभळं झालं होतं आणि वाकड्या कोपऱ्यातून फेस येत होता. दुधाळ.

एक्स-रेचा मोहसीन दार उघडून बाहेर आला. जुन्नरचा, बोलायला कमी. त्यानं एक नजर टाकली आणि हौशीरामला खांद्याला धरून कुशीवर लोळवलं. "डॉक्टरांना बोलव," तो म्हणाला. मग खाली मान घालून, फक्त गोरखला ऐकू जाईल असं, "डोकं खाली आणलंस?"

गोरख पळाला.

डॉक्टर आले, नळी घातली, मशीन लावलं, घशातलं ओढून काढलं. डबीत पांढरट पाणी साचलं. डॉक्टरांनी डबी उजेडात धरली आणि सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं.

"ह्याला तोंडानं काय दिलं होतं? कुणी दिलं?"

साळुबाई तेवढ्यात चादर घेऊन उतरली होती. संपत भिंतीला टेकून उभा होता, तोंड उघडं. मोहसीन दारात. डॉक्टरांची नजर फिरत फिरत गोरखवर आली आणि थांबली. ते पुढं काय विचारतील ते गोरखला दिसत होतं. कसं आणलं? कोण होतं डोक्याकडं? त्यांनी तोंड उघडायच्या आत त्याचं उघडलं.

"खाटंखाली बशी व्हती, साहेब. च्याची."

सगळे साळुबाईकडं वळले. चादर छातीशी धरून ती उभी होती.

"दोन घोट," ती म्हणाली. "ह्या हातानं खूण केली त्यांनी. सकाळी च्या लागतो त्यांना. दोनच घोट दिलं."

"मारलंत तुम्ही त्याला!" डॉक्टर ओरडले. "इथं लिहिलंय स्पष्ट, तोंडानं काही द्यायचं नाही म्हणून!"

लिहिलं होतं. केस पेपरच्या कोपऱ्यात, इंग्रजीतली तीन अक्षरं. साळुबाईला मराठीही वाचता येत नव्हतं, आणि तोंडानं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण हे कुणी बोललं नाही. संपत भिंतीपासून सुटला, आईच्या पुढ्यात आला, तिच्या हातातली चादर त्यानं हिसकून घेतली आणि बापाच्या अंगावर घातली. तिच्याकडं बघितलं नाही.

गोरख मागं सरकून एक्स-रेच्या दाराशी जाऊन उभा राहिला. त्याच्यावरनं नजरा गेल्या होत्या. त्याला बरं वाटलं. हे बरं वाटणंच पुढं त्याला सुखानं झोपू देईना.

दुसऱ्या दिवशी त्यानं मोहसीनला गाठलं.

"नातेवाईक ऐकंना रं."

"मला कशाला सांगतो?" मोहसीन फिल्म सुकत घालत म्हणाला. "माझं दार उघडलं तेव्हा स्ट्रेचर सपाट फरशीवर होतं. मी तेवढंच बघितलं." जरा थांबून तो म्हणाला, "बशी दाखवायची काय गरज होती, गोरख?"

शनिवारी बोर्डाची मीटिंग झाली आणि गोरख कायम झाला. रविवारी दुपारी हौशीराम गेला. त्याला खाली न्यायचं काम गोरखकडंच आलं. या खेपेला पाय पुढं होते आणि कुणी काही म्हटलं नाही.

*

बयाबाई झाडू मारायला होती आणि तिचं माहेर लोणीचं. चैत्रात जत्रेला जाऊन आली आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत सांगत बसली.

"त्या हौशीरामाच्या म्हातारीचे लई हाल चाललेत रं, गोरख. पोरगं हातचं पाणीबी घेत न्हाई तिच्या. चुलीला शिवू देत न्हाई. कांद्याच्या बराखीत पथारी टाकून निजती. नातवंडाला कुणी तिच्याजवळ जाऊ देत न्हाई, आजी काय तरी खायला घालंल म्हून. सून बिचारी बरी हाय, पर नवऱ्यापुढं काय बोलंल?"

"गावातलं कुणी सांगत न्हाई का त्याला?"

"काय सांगायचं? डाक्टरनंच म्हणलंय ना, तिनं मारलं म्हून. शिकलेला माणूस खोटं बोलतो व्हय?" बयाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. "तू व्हतास ना त्या दिशी खाली?"

"व्हतो," गोरख म्हणाला आणि डबा झाकून उठला. अर्धी भाकरी डब्यातच राहिली.

महाळुंगे पडवळला घरी त्याची बायको विचारायची, आता तर कायम झालाय, आता काय खुपतंय? तो कूस बदलायचा. कामावर त्यानं एक बदल केला होता. कुणी पाय फिरवा म्हटलं की तो स्ट्रेचरचा ब्रेक लावून उभा राहायचा आणि सगळं समजावून सांगायचा. ती चार वाक्यं. लोक ऐकायचे. एकूण एक ऐकायचे. एकानंही तक्रारीची वही मागितली नाही. हे असं रोज घडायला लागल्यावर तर त्याला तो उतार बघवेना.

कायम माणसाला रजा मिळते. वैशाखात गोरखनं पहिली रजा टाकली, मंचरला आला आणि लोणीच्या एसटीत बसला.

वस्ती गावापासून लांब होती. कांदा साठवायच्या बराखीच्या सावलीला ढीग पडला होता आणि साळुबाई विळ्यानं पात कापत बसली होती. कुंकू नसलेलं कपाळ, पदर डोक्यावर. तिनं वर बघितलं आणि विळा थांबवला. नंतर पुन्हा चालवला.

"मामा ना तुमी? दवाखान्यातलं?"

"व्हय, मावशी."

"बसा. त्या गोणीवर बसा, कांद्यावर नका बसू, दबत्यात." ती घरच्या दाराकडं बघून म्हणाली, "सुनेला पाणी आणाया सांगते. माझ्या हातनं नको."

"ऱ्हाऊ द्या. पाणी न्हाई लागत."

तो बसला. समोरचा एक कांदा उचलून त्याची सालं काढू लागला. काय बोलायचं ते त्यानं एसटीत घोकून ठेवलं होतं. आता त्यातलं एक वाक्य जागेवर सापडेना.

"मावशी, च्यानं न्हाई गेलं मालक."

साळुबाई पात कापत राहिली.

"नुसत्या च्यानं न्हाई. उतारावरनं डोकं खाली करून नेलं म्हून गेलं. पोटातलं वर आलं ते त्याच्यामुळं. पाय पुढं न्यायचं असतं. मला म्हायती व्हतं. दहा वरसं करतोय मी ते. तरीबी नेलं."

"का नेलं?"

"संपतभाऊ म्हणलं फिरवा म्हून."

विळा थांबला. साळुबाईनं हातातला कांदा ढिगावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"मी चादर आणाया गेले तवा?"

"व्हय."

"आन् त्यो म्हणला नसता तर?"

"तर मी पाय पुढं करून नेलं असतं."

"जगलं असतं का मंग?"

"ते कुणालाच सांगता यायचं न्हाई, मावशी. डाक्टरलाबी न्हाई. कदाचित."

बराखीच्या कुडातून वारा येत होता आणि सालं उडून गोरखच्या विजारीला चिकटत होती. साळुबाईनं पदरानं तोंड पुसलं. ती रडत असेल असं गोरखला वाटलं होतं; ती रडत नव्हती.

"ह्ये आणिक कुणाला सांगितलंय?"

"न्हाई. पर आता सांगतो. संपतभाऊला सांगतो, म्हूनच आलोय. तुमच्यावरचा आळ—"

"न्हाई सांगायचं."

"आवं पर—"

"कळत न्हाई का तुमाला?" तिचा आवाज पहिल्यांदाच वर आला आणि तिनं तो लगेच दाबला. "आज त्याला वाटतंय आईनं मारलं. वाटू द्या. आईवर राग धरता येतो माणसाला. रागावर दिस निघत्यात. उद्या त्याला कळलं का आपल्याच तोंडच्या बोलानं बाप गेला, मंग त्यो राग कुणावर काढायचा? हिरीवर जाऊन उभं ऱ्हाईल त्यो. मी वळखते त्याला. बापावर लई जीव व्हता त्याचा."

"आन् तुमी?"

"माझं काय व्हायचंय? कांदं कापायला हात हायती अजून."

गोरखनं मान खाली घातली. हातातल्या कांद्याचं सगळं सालपट निघालं होतं आणि तो अजून नखानं ओरबाडत होता.

"मला मावशी, झोप न्हाई—"

"हलकं व्हायला आलाव व्हय?" साळुबाई म्हणाली. रागानं नाही, खरोखर विचारावं तसं. "मंग दुसरीकडं जा. देवळात जा, डोंगरावर जा, कुटंबी जा. माझ्या दारात न्हाई. चुकायचं ते तुमी चुकलाव, पोरगं चुकलं, मीबी चुकले. पर बशी तुमी दावली. ती दावायची न्हवती."

गोरखनं सोललेला कांदा ढिगावर परत ठेवला. मोहसीननंही हेच विचारलं होतं.

मोटरसायकलचा आवाज आला तेव्हा साळुबाई पुन्हा पात कापत होती, आधीपेक्षा वेगानं. संपत वस्तीत शिरला, गाडी लावली, गोरखकडं बघून कपाळाला आठ्या घातल्या. मग त्याच्या ध्यानात आलं.

"आरं, मामा! तुमी हिकडं कसं?"

गोरख उठला. त्याच्या तोंडून काही निघायच्या आत साळुबाई ढिगाकडं बघतच बोलली, "गावात पावण्याकडं आल्यात. वाट चुकून हिकडं आलं. निघाल्यात."

आईचं उत्तर संपतनं ऐकल्यासारखं केलं नाही. तो गोरखलाच म्हणाला, "च्या-पाणी झालं का? आतनं सांगतो."

"न्हाई न्हाई, एसटी जाईल. तीनची हाय."

"बसा की मंग मागं, फाट्यावर सोडतो. उन्हाचं कुटं चालत जाताव?"

गोरखनं साळुबाईकडं बघितलं. तिनं मान वर केली नाही. फक्त विळा धरलेला हात जरासा थांबला होता, तो काय करतो ते ऐकत असल्यासारखा.

तो संपतच्या मागं बसला.

फाट्यावर सावलीला दोघंच होते. संपतनं गाडी स्टँडवर लावली, खिशातून सुपारी काढली, कातरून अर्धी गोरखच्या हातावर ठेवली.

"एक सांगू का, मामा? त्या दिशी मी तुमाला लई बोललो. नाव लिवतो म्हणलो. मनावर घिऊ नका. डोस्कं फिरलं व्हतं."

"त्याचं काय न्हाई."

"न्हाई, खरंच. पर तुमी ऐकलं माझं. एवढ्या मोठ्या दवाखान्यात कुणी धड बोलत न्हवतं आमच्याशी. डाक्टर न्हाई, शिस्टर न्हाई. हिकडं जा, तिकडं जा, कुत्र्यावानी. तुमी एकटं असं निघालाव का माझं मानून बापाला माणसासारखं नेलं. माझा बाप जित्या माणसासारखा गेला तिथनं. एवढं समाधान हाय मला."

सुपारी गोरखच्या दाढेखाली तशीच राहिली. फाट्यावरनं एक टेम्पो कांद्याच्या गोण्या घेऊन गेला. दोघांनी धुळीसाठी तोंडं फिरवली. धूळ बसली तरी गोरखनं आपलं फिरवलेलंच ठेवलं.

"पर घरातच वैरी असल्यावर," संपत म्हणाला, "बाकीच्यांनी काय करायचं?"

"तसं म्हणू ने. आई हाय."

"आई हाय म्हून तर घरात हाय. दुसरं कुणी असतं तर—" त्यानं वाक्य सोडून दिलं. "दोन घोट म्हणं. माणूस मरणाच्या दारात आन् ही च्या पाजती."

लांब वळणावर एसटी दिसली. उन्हात ती हलत नसल्यासारखी वाटत होती. गोरखनं सुपारी थुंकली.

"पोटात गेला न्हाई त्यो च्या," तो म्हणाला.

"काय?"

"पाजला तिनं. पर तोंड वाकडं झालेलं माणूस, गिळतंय कसं? समदा कडंनं वघळला, उशीवर. तिला वाटलं गेला. पोटात थेंब न्हाई गेला."

संपत त्याच्याकडं बघत राहिला. "तुमाला काय म्हायती?"

"खाटंवरचा अभ्रा मीच बदलला ना माघारी जाऊन. चिंब व्हता."

"डाक्टर तर म्हणलं—"

"डाक्टर बदलतो का अभ्रं?"

"मंग तवाच का न्हाई बोललाव?"

"डाक्टरच्या तोंडावर वॉर्डबॉयनं काय बोलायचं? तवा पक्की नोकरी न्हवती." एवढं मात्र खरं होतं, आणि ते सहज निघालं. "आता हाय. म्हून सांगतोय."

संपतनं गाडीच्या हँडलवर हात ठेवला, काढला. एसटी जवळ येत होती, तिचा खडखडाट ऐकू येत होता. त्याचं तोंड त्या दिवशी भिंतीला टेकून उभा होता तसं झालं होतं, उघडं, पोरासारखं.

"मंग बाप कशानं गेला, मामा?"

गोरखनं रस्त्यावर येऊन हात केला. एसटी थांबली. दार उघडून कंडक्टरनं चला चला केलं.

"दुखण्यानं," गोरख म्हणाला. "वय झालं व्हतं. दुखणं मोठं व्हतं."

तो चढला. खिडकीशी जागा होती. बसेस्तोवर संपत धावत खिडकीखाली आला आणि पत्र्यावर पंजा टेकून वर बघत म्हणाला, "मामा, नक्की चिंब व्हता?"

"पिळला असता तर धार लागली असती."

एसटी निघाली. गोरखनं मागं वळून बघितलं नाही. संपत कुठल्या वाटेला वळतो ते त्याला बघायचं नव्हतं.

त्या दिवशी माघारी जाऊन उशी त्यानंच उचलली होती, इतकं खरं होतं. तिच्यावर एक डाग नव्हता. कोरडी होती, म्हणून अभ्रा न बदलताच त्यानं ती पुढच्या पेशंटच्या डोक्याखाली दिली होती.